केबल आली तेवढीच लिहिली

आमच्या यार्डात ताणाचं रजिस्टर आधी पेन्सिलीने भरायची पद्धत होती. दुपारी जॅक चालू असताना आकडे पेन्सिलीने लिहायचे आणि संध्याकाळी चहा झाला की तेच आकडे 'बसवून' शाईने गिरवायचे. बसवून म्हणजे ड्रॉइंगमध्ये जो आकडा अपेक्षित असेल त्याच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडे-पलीकडे. तंतोतंत तोच लिहिला तर तपासणीच्या साहेबांना संशय येतो. हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं, आणि प्रेमाने शिकवलं गेलं. शिकवणारे नाना.

नाना आमच्या साइटचे प्रमुख. शाळा अर्धवट सुटलेली, पण अर्धं आयुष्य पुलांवर गेलेलं. माझे वडील जळगावात डाळ मिलमध्ये पोती वाहतात आणि नाना त्यांच्या गावचे. मी घरातली पहिली पदवीधर. तालुक्याच्या शाळेत मराठीतून शिकले, कर्ज काढून नव्हे, शिष्यवृत्तीवर इंजिनिअर झाले, आणि नानांनी शब्द टाकला म्हणून नरडाण्याच्या बाजूला या गर्डर यार्डात, म्हणजे पुलाच्या तुळया ओतायच्या आवारात, लागले. हे मी कधी लपवलं नाही.

प्रीस्ट्रेस्ड गर्डर म्हणजे काय, हे मी आईला विटांवरून सांगितलं होतं. ती पूर्वी बांधकामावर जायची. पाच विटा आडव्या ओळीत धरून दोन्ही टोकांनी दाबल्या की मधली वीट पडत नाही, हे तिला माझ्या आधीपासून माहीत होतं. काँक्रीट दाब सोसतं, ओढलं की तडकतं. म्हणून गर्डरच्या पोटात पत्र्याची नळी ठेवायची, नळीतून पोलादी तारांची केबल न्यायची, काँक्रीट पक्कं झालं की ती जॅकने ताणायची आणि टोकाशी पाचरी बसवून अडकवून टाकायची. केबल आखडायला बघते आणि गर्डरला सतत दाबून धरते.

"म्हणजे हात काढायचाच नाही," आई म्हणाली होती. याहून नेमकं मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं.

आमचा गर्डर पंचवीस मीटरचा, त्यात चार केबली. प्रत्येक केबल एका टोकाला पक्की, दुसऱ्या टोकाने ओढायची. पूर्ण ताणावर ती एकशे अडुसष्ट मिलिमीटर बाहेर यायला हवी. पाच टक्के कमीजास्त चालतं.

त्या दिवशी तीन नंबरची केबल एकशे अठ्ठावीस आली.

"मॅडम, गेज फुल आहे," जॅक चालवणारा म्हणाला. तो भुसावळचा, कमी बोलणारा. "आणखी दाबलं तर तार जाईल."

गेज खरं बोलत होतं, पण त्याला फक्त जॅकपाशी किती जोर लागतोय तेवढंच कळतं. तो जोर पोटात कुठवर पोचला ते केबल किती बाहेर आली त्यावरून कळतं. मी पलीकडच्या टोकाला गेले आणि बाजूला उभं राहून पाहिलं. ताण पोचला की तिथल्या पाचरी जराशा आत ओढल्या जातात आणि तारांवरची रंगाची खूण सरकते. इतर केबलींची सरकली होती. तीन नंबरची जिथल्या तिथे. म्हणजे केबल मध्येच कुठेतरी घट्ट धरली गेली होती आणि तिथून पुढचा गर्डर मोकळाच होता.

का, ते मला त्याच क्षणी कळलं.

काँक्रीट ओततात तेव्हा नळीला कुठे भोक असेल तर सिमेंटचं पाणी आत झिरपतं. ते तारांना धरू नये म्हणून काँक्रीट घट्ट होईपर्यंत केबल पुढेमागे हलवत राहायची असते. हे करणारी माणसं सातपुड्याच्या पायथ्याची. त्यांच्या मुकादमाने दहा दिवस आधीच सांगितलं होतं, "बाई, भोंगऱ्याच्या दिवशी आम्ही नाही." होळीआधीचा तो बाजार त्यांच्यासाठी वर्षाचा सण. पण आमचा मिक्सर बिघडला आणि काम सरकत सरकत नेमकं त्याच दिवसावर आलं. दुपारी माणसं गेली. उरलेले काँक्रीट ठोकण्यात, मी क्यूब, म्हणजे तपासणीसाठीचे काँक्रीटचे ठोकळे, भरण्यात. पहिल्या दोन केबली हलवताना मी पाहिल्या. तिसरीही हलवली असेल असं धरून संध्याकाळी तपासणी-यादीत बरोबरची खूण केली. खूण माझी होती.

नाना आले, पट्टीकडे पाहिलं, मला बाजूला घेतलं.

"एकशे पासष्ट लिख, माय. सकायमा ग्राउट भरी टाकसूत. मंग कोन दखाले येस?"

ग्राउट म्हणजे नळीत भरायचं सिमेंट. ते एकदा भरलं की केबल कायमची बुजते.

"नाना, एकशे अठ्ठावीस आली आहे."

"मी काय आंधया शे? माले दखास ना."

"मग?"

"मंग काय! बाकीन्या तीन केबली शेतस. पूल काय एकच तारवर उभा ऱ्हास? बठ्ठा लोके असंच लिखतस. आनि खूण कोनी करेल शे, ते इचारतीन साहेब. तुले घरी बसनं शे का?"

मी रजिस्टर उघडलं. तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "तुना बाप मन्हा दारशी दोनदा उना व्हता. ते याद ठेव."

याद आहेच; वडील माझ्या नोकरीसाठीच त्यांच्या दारी गेले होते. मला शाळेत वह्या देणारे गुरुजी याद आहेत, परीक्षेच्या महिन्यात मला जेवू घालणारी जळगावची खोलीमालकीण याद आहे, आणि नानाही. पण हे सगळे उपकार माझ्यावर आहेत. त्या पुलावरून उसाची ट्रॉली नेणाऱ्या माणसावर नाहीत. माझे उपकार त्याने का फेडायचे?

मी पेन घेतलं आणि एकशे अठ्ठावीस लिहिलं. पेन्सिल वापरलीच नाही. खाली लिहिलं, 'ग्राउट करू नये.' पानाचा फोटो डिझाइन करणाऱ्या साहेबांना नाशिकला पाठवला. नाना बघत उभे होते. "कर, काय करनं ते कर," म्हणाले आणि निघून गेले.

रात्री झोप लागली असं म्हणणार नाही.

साहेब तिसऱ्या दिवशी आले. त्यांच्यासमोर केबलचा ताण सोडला. नळीत पाणी सोडलं, ते पलीकडे निघालं नाही. मी हिशेब मांडला होता: एकशे अडुसष्टापैकी एकशे अठ्ठावीस, म्हणजे जॅकपासून साधारण एकोणीस मीटरपर्यंतच केबल ताणली गेली. तिथे खडूने रेघ मारली. मुकादम स्वतः छिन्नी घेऊन बसला. रेघेपासून वीतभर अंतरावर पत्रा चेपून फाटलेला निघाला आणि आत तारांभोवती सिमेंटचा दगड.

"बाई, तुम्हाला पोटातलं दिसतं की काय?" तो म्हणाला. "आमच्या म्हातारीला दाखवायला आणू का?"

सगळे हसले. नाना सोडून.

दगड काढला, नळी बदलली, जागा भरून पक्की होऊ दिली, पुन्हा जॅक लावला. केबल एकशे चौसष्ट आली.

मग अहवालाची पाळी. ऑफिसातून तयार मसुदा आला, त्यात कारण होतं: 'मजूर काम सोडून पळून गेल्यामुळे.' मी सही केली नाही. त्यांनी दहा दिवस आधी सांगितलं होतं, तारीख आम्ही हलवली होती. नाना फोनवर ओरडले, "आते आनखी काय? तुले वाचाडाले मजूरवर ढकली राह्यनू, तरी नही का?" मला वाचवायला ते हे करत होते हे मला समजत होतं. तरी नाही.

आठवड्याने मला मेमो मिळाला: निष्काळजीपणाबद्दल खुलासा करावा. मी चार ओळी लिहिल्या. केबल हलवली की नाही हे न पाहता मी खूण केली, ती चूक माझी. मजुरांची चूक नाही. ताणाच्या दिवशीचा आकडा खरा होता. यापुढेही केबल जेवढी येईल तेवढीच मी लिहीन.

ऑफिसातल्या बाईंचा फोन आला. त्या भल्या होत्या. म्हणाल्या, "खुलासा चांगला आहे गं, फक्त ती शेवटची ओळ काढ. उर्मटपणा वाटतो. ती काढलीस तर प्रकरण इथेच मिटवतील."

मी म्हटलं, "ताई, पहिल्या ओळीची काय ती शिक्षा द्या. शेवटची राहू द्या."