पाचवी खुर्ची

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माधवीपासून एखादी गोष्ट इतकी वर्षं लपवून ठेवणं म्हणजे काय, हे तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल. आजच का सांगतोय? ठाऊक नाही. विचारू नका.

सुरुवात मात्र अमेरिकेपासून करावी लागेल. हसू नका. मी पुण्याचा इंजिनिअर, राहायला मेलबर्नजवळ पॉइंट कुकला, आणि माझा राग अमेरिकेवर. तिथे मी आयुष्यात एकदाच गेलोय, ऑफिसच्या कामासाठी, दोन आठवडे. पण आमच्या मंडळाच्या त्रैमासिकात अमेरिकेच्या राजकारणावर एक सदर होतं आणि ते मी लिहायचो. लोक वाचायचे. पार्टीत कुणीतरी म्हणायचंच, “काका, या वेळी त्या सिनेटवाल्यांची काय धुलाई केलीत!” मला ते ऐकायला आवडायचं. फार आवडायचं.

काय लिहायचो मी? लिहायचो की चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या देशाला स्वतःच्या बुडालेल्या शहरात, छपरांवर बसलेल्या लोकांपर्यंत पिण्याचं पाणी नेता येत नाही. का? तर आधी हुकूम कुणी काढायचा यावर राज्य आणि वॉशिंग्टन यांचं एकमत नाही. लिहायचो की खर्चाचं बिल अडकलं म्हणून हे लोक स्वतःच्या सरकारला टाळं लावतात, कारकुनांना घरी बसवतात, आणि टाळं लावणाऱ्यांचा पगार तेवढा चालू राहतो. एकटा सिनेटर एखाद्या नेमणुकीवर बोट ठेवून ती महिनोन् महिने अडवू शकतो — त्याचं भांडण त्या माणसाशी नसतंच मुळी, दुसऱ्याच कुणाशी तरी असतं. विरोधकाला श्रेय मिळू नये म्हणून चांगलं काम मरू देतात, असं मी लिहायचो. नालायक म्हणायचो. निर्लज्ज म्हणायचो. यातला एकही शब्द मी आज मागे घेत नाही. ते तसेच होते आणि अजूनही तसेच आहेत.

पण मी कोण होतो?

मी मंडळाचा चिटणीस होतो. ती वर्षं विद्यार्थ्यांच्या लोंढ्याची. दर सत्रात नवी मराठी पोरं-पोरी उतरायची, एका घरात आठ-आठ जणं राहायची, दिवसा कॉलेज आणि उरलेल्या वेळात पॅकिंग नाहीतर साफसफाई. त्यांना स्टेशनवरून घरी चालत जाताना मारहाण होऊ लागली होती. आम्ही घरंदाज, गाडीवाले, नोकरीवाले. आम्हाला हे पेपरात कळायचं, आणि आम्ही च् च् करायचो.

वैशाली सांगलीची. अकाउंटिंग शिकत होती, डँडेनॉन्गच्या एका कारखान्यात पॅकिंगला जात होती. बारीक अंगाची, बोलायला चुरचुरीत. ती एका रविवारी माझ्याकडे अर्ज घेऊन आली. अर्जाला जोडून वहीचे दोन कागद — कोण कुठल्या स्टेशनला किती वाजता उतरतं, तिथून घर किती लांब, सगळं रकाने आखून. मागणी एवढीच, की ज्यांच्याकडे गाड्या आहेत त्यांनी पाळी लावून या मुलांना स्टेशनवरून घरी सोडावं. “काका, आम्ही आपापसात केलं असतं, पण आमच्यात गाडी दोघांकडेच आहे. मंडळाने सांगितलं तर लोक ऐकतील.” मी म्हटलं, बैठकीत घेतो. मनापासून म्हटलं. त्या दिवशी तरी मनापासूनच म्हटलं होतं.

मग गणपती मध्ये आले. म्हणजे गणपतीच्या कार्यक्रमाची आखणी. आमचे अध्यक्ष डॉक्टर — भला माणूस, पण सगळ्यांना खूश ठेवायची हौस — त्यांनी माझं व्याख्यान कापलं. ‘अमेरिकेचं सरकार का चालत नाही’ हा विषय, पाऊण तासाचं, स्लाइड तयार. त्याऐवजी अंताक्षरी. वर मला म्हणतात, “अरे, लोक सणाला येतात, त्यांना कशाला वॉशिंग्टन?” सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन स्लाइड उघडून बसलो आणि माझं डोकं फिरलं ते फिरलंच. अंताक्षरी! माझ्या ऐवजी अंताक्षरी!

वैशालीचा अर्ज डॉक्टरांनी उचलून धरला. येत्या बैठकीत मंजूर करू, लगेच पाळ्या लावू, म्हणाले. पुढच्याच महिन्यात मंडळाची निवडणूक होती. माझ्या डोक्यात काय आलं असेल? हे काम झालं तर डॉक्टर परत अध्यक्ष होणार. नवीन पोरं सगळी त्यांना मत देणार. अर्ज माझ्याकडे आला होता, आणि नाव त्यांचं होणार.

आमची समिती नऊ जणांची. कोरम पाचांचा, त्याहून कमी जण आले तर बैठकच होत नाही. गणपतीच्या भांडणात तिघं रुसून घरी बसले होते आणि एक भारतात गेला होता. म्हणजे पाचच उरले होते, आणि पाचवा मी.

जुलैचा रविवार, म्हणजे इथला ऐन हिवाळा, पाचलाच अंधारून येतं. बैठक पाचला, डँडेनॉन्गच्या हॉलमध्ये. मी वेळेवर पोहोचलो. हे नीट ऐका — मी वेळेवर पोहोचलो होतो. गाडी पार्किंगमध्ये लावली, हीटर चालू, दिवे चालू. काचेच्या दारातून आत चौघं बसलेले दिसत होते, टेबलावर डॉक्टरांचा चहाचा थर्मास, आणि एक खुर्ची रिकामी. वैशाली दाराबाहेर थंडीत उभी होती. कागद छातीशी धरून. माझ्या दिव्यांचा उजेड तिच्या तोंडावर पडला, तशी तिने डोळ्यांवर हात आडवा धरून गाडीकडे पाहिलं.

मी रिव्हर्स टाकला.

ठरवून आलो होतो का? नाही. पण रिव्हर्स टाकताना मला चांगलं कळत होतं मी काय करतोय. मी त्या विषयातला तज्ज्ञ होतो ना! सभेला नुसतं न जाऊनही सभा मारता येते, कुणाशी भांडावं लागत नाही, हात वर करून ‘नाही’ म्हणावं लागत नाही. हे मला जितकं माहीत होतं तितकं त्या खोलीतल्या कुणालाच माहीत नव्हतं.

फॉस्टर स्ट्रीटवर किराण्याच्या दुकानात गेलो. माधवीने कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्या सांगितल्या होत्या. तिथूनच डॉक्टरांना फोन केला — फ्रीवेवर अडकलोय, अॅक्सिडेंट झालाय पुढे, होत नाही पोचायला, सॉरी. दुकानात हिंदी गाणं लागलं होतं. मी फोनवर हात धरून बोललो. ते म्हणाले, “नो वरीज, सांभाळून ये.” मिरच्या निवडून घेतल्या मी. एकेक.

बैठक झाली नाही. विषय निवडणुकीनंतरच्या बैठकीवर गेला. इतिवृत्त मीच लिहिलं: कोरमअभावी तहकूब.

नवी बैठक व्हायच्या आत वैशालीला मारलं. संध्याकाळची सहाची वेळ, स्टेशनपासून घरापर्यंतचा तोच रस्ता, जो तिने रकान्यात पहिल्या ओळीत लिहिला होता. दोघं होते. बॅग ओढली, ती सोडेना, तर तोंडावर मारलं. डावा डोळा गेला. वाचवता आला नाही.

डॉक्टर हबकले. भर सभेत रडले, मी आधीच पाळ्या लावायला हव्या होत्या, समितीची वाट कशाला बघत बसलो, म्हणाले. निवडणुकीला उभेच राहिले नाहीत. अध्यक्ष कोण झालं असेल? बरोबर. पाळ्या मी लावल्या, पहिल्याच आठवड्यात. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी त्या घेतल्या. त्याच सुमारास निघालेल्या अंकात माझं सदर होतं, सिनेटवर. ‘यांच्या भांडणाची किंमत भलतेच लोक मोजतात,’ असं त्यात वाक्य आहे. अंक माझ्या कपाटात आहे.

हॉस्पिटलमध्ये मी डबा घेऊन गेलो होतो. माधवीने मऊ खिचडी दिली होती. वैशाली उशीला टेकून बसली होती, अर्ध्या तोंडावर पट्टी. मला बघून उठायला लागली. मी म्हटलं, बस, बस. तिची आई सांगलीहून निघाली होती, ती आली की दोघी परत जाणार होत्या. शिक्षण संपलंच होतं. ती डॉक्टरांबद्दल वाईट काही बोलली नाही. माझ्याबद्दल तर चांगलंच बोलली — की अर्ज घेऊन गेल्यावर पहिल्यांदा बस म्हणून चहा दिला तो तुम्हीच.

मग म्हणाली, “काका, एक विचारू? त्या मीटिंगच्या दिवशी मला तुमची गाडी दिसल्यासारखी वाटली. पांढरी. पार्किंगमध्ये. मी आत ओरडून सांगितलंसुद्धा, आले, काका आले म्हणून. मग डॉक्टर म्हणाले, तुम्ही फ्रीवेवर अडकलाय.”

मी डब्याचं झाकण उघडत होतो. ते काढून बाजूला ठेवलं.

म्हटलं, “पांढऱ्या गाड्या काय कमी आहेत का गं मेलबर्नमध्ये?”

“तेच ना,” ती म्हणाली. “माझंच बघण्यात चुकलं असेल.”

मी तिच्या उघड्या डोळ्याकडे बघून म्हणालो, “हो. चुकलं असेल.”