आयरिश मंडळाचा रौप्यमहोत्सव आणि बाबांची शाल

जपानमध्ये कावासाकीला आमच्या खालच्या मजल्यावर एक आयरिश आजोबा राहतात. जपानी बायको गेल्यापासून एकटेच. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी इथल्या आयरिश लोकांसाठी घराण्यांचा इतिहास जपणारं एक मंडळ काढलं. यंदा त्याचा रौप्यमहोत्सव होता आणि त्यातच मंडळ गुंडाळायची चिन्हं होती. मंडळ जिथे भरायचं त्या सभागृहाचा जिना आजोबांना चढवत नव्हता आणि अध्यक्ष व्हायला कोणी तयार नव्हतं. त्यांच्या लेकीनंही साफ नाही म्हणून सांगितलं होतं.

"मग सभागृहातल्या कपाटात ठेवलेल्या सगळ्यांच्या वंशावळी?" मी विचारलं.

"मंगळवारी जाळायचा कचरा नेतात, त्यात," ते हसत म्हणाले. मला ते हसू मुळीच आवडलं नाही.

तेव्हा माझे वडील पुण्याहून आले होते. बँकेतून निवृत्त झाल्यावर बाबांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढला आणि त्यापायी निम्म्या घराण्याशी वैर घेतलं. वंशावळी कचऱ्यात जाणार हे ऐकून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"सत्कार करायचा," ते म्हणाले. "चारचौघांत शाल-श्रीफळ द्यायचं, नाव जाहीर करायचं, टाळ्या वाजवायच्या. अंगावर शाल पडली की माणूस नाही म्हणत नाही. मी आपल्या कुलमंडळाचा सचिव कसा झालो असं वाटतं तुला?"

"पण बाबा, लेक नाही म्हणतेय."

"मग जावई! जपानी आहे ना? तोंडावर नाही म्हणायचा नाही."

आजोबांना बेत भलताच आवडला. जावई ऑफिसातून परस्पर येणार होता, कोट-टायमध्ये. बाबांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण म्हणाले, एवढी खूण पुरे. शाल माझी गेली, तीही न वापरलेली.

आजोबांना दोघांनी धरून वर नेलं आणि समारंभ बाबांनी ताब्यातच घेतला. दीपप्रज्वलन त्यांना हवंच होतं, पण सभागृहात काडी ओढायला बंदी. शेवटी मान्यवरांनी आळीपाळीनं एका टॉर्चचं बटण दाबलं. मग बाबांचं इंग्रजीतून प्रास्ताविक सुरू झालं. आयरिश लोक गप्पांत कोणाला हार जात नाहीत असं आजोबाच सांगायचे. त्या दिवशी मात्र बाबांपुढे सगळे हार गेले.

तेवढ्यात लेकीनं मला फोन दाखवला. ट्रेन बंद पडली होती, जावई काही पोचत नव्हता. मी बाबांना सांगायला उठले तोच सभागृहाचं दार उघडलं. दारात कोट-टायमध्ये तिथले व्यवस्थापक उभे होते. वेळ संपली, एवढंच सांगायला बिचारे आले होते.

"बाबा, थांबा!" म्हणेपर्यंत शाल त्यांच्या खांद्यावर आणि नारळ हातात.

"अवर न्यू प्रेसिडेंट!" बाबांनी जाहीर केलं.

व्यवस्थापक वाकले. बाबा त्यांच्यापेक्षा जास्त वाकले. मग ते आणखी वाकले. आता चूक सांगायची म्हणजे त्या भल्या माणसाच्या अंगावरची शाल ओढून घ्यायची. सगळे माझ्याकडे पाहायला लागले आणि मी, देवा, टाळ्या वाजवल्या.

"मला काय करावं लागेल?" व्यवस्थापकांनी जपानीत हळूच विचारलं. आजोबा हसून हसून डोळे पुसत होते. त्यांनी खिशातून कपाटाची किल्ली काढून पुढे केली. व्यवस्थापकांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

मंगळवारी मी कचरा टाकायला गेले तर आधी त्या ढिगात कागदांचे गठ्ठे शोधले. नव्हते. तशीच सभागृहावर गेले. कपाट वरून खाली, तळमजल्यावर आलं होतं. त्याच्यावर नारळ ठेवला होता. व्यवस्थापक माझी शाल पांघरून एकेका घराण्याची वेगळी फाइल करत होते आणि समोर आजोबा बसले होते, जिना न चढता.

आजोबा आपल्या आजीबद्दल सांगत होते. व्यवस्थापकांनी ते लिहून घेतलं आणि मान वर करून विचारलं, "आणि त्यांच्या आधी कोण?"

आजोबांचा चेहरा एकदम उजळला.

बाबांना खरं सांगायची कोणाची छाती झाली नाही. अजूनही पुण्याहून फोन आला की ते विचारतात, "जावई नीट बघतो ना सगळं?"

"बघतो."

"बघ! शेवटी घराण्यातच राहिलं."

"हो बाबा," मी म्हणते, "घराण्यातच राहिलं."