पाइप केशरबाईचा, रस्ता सरकारचा

…नाई निते, पुसू नको ते, मी सांगतलं तसंच राहू दे. पुढं लिही. तं मी केशरबाईच्या नळाचं सांगून राह्यली होती. केशरबाई म्हणजे आपल्या गावातली, विहाराच्या मागच्या गल्लीतली. तिच्या जानरावले लकवा मारला तवापासून तो बाजेवर पडून हाय. समजते सर्वं, पण बोलता नाई येत, उठता नाई येत. त्याचं धुवा, पुसा, पांघरूण बदला, हेच तिचं दिवसभर. तिले दुसरं काई नाई पायजे, घरात पाणी पायजे. त्याले एकटं टाकून जाता येत नाई ना!

मोरीत नळ होता. पण गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला तवा मशीननं खालचा तिचा पाइप फोडला. नळ आले का मोरीत थेंब थेंब, आन् रस्त्याच्या कडंले भकाभक पाणी. तिथं खड्डाच पडला. ज्यायच्या घरी नळ नाई त्या बाया तिथून वाटीनं उपसून गुंड भरू लागल्या.

केशरबाई पंचायतीत गेली. नळ सोडणारा फुलसिंग म्हणे, "काकू, मोठ्या लाइनीपासून घरापर्यंतचा पाइप तुमचा. फुटला तं तुमीच जोडा."

"बरं बापा, जोडतो. खोदू मंग?"

"खोदू नका! रस्ता सरकारचा हाय. फोडला तं केस होईन."

"मंग पाइपापर्यंत जाऊ कशी? मुंगी होऊ?"

फुलसिंग हासला. सरपंचाले इचारा म्हणे. सरपंच म्हणे ठेकेदाराले इचारा. ठेकेदार म्हणे मायं काम पास झालं. एवढं फिरून केशरबाई घरी आली, जानरावजवळ बसली. त्यानं डोळ्यानंच इचारलं, काय झालं?

"काई नाई," ती म्हणे, "पाइप आपला हाय म्हणतात."

मंग काय, गुंड घेऊन ती आपल्याच पाण्यासाठी लाइनीत उभी राहू लागली. एक डाव घाईनं पुढं घुसली तं लाइनीतली वच्छला वरडली, "ओ काकू, नंबरानं!"

"वच्छले, पाइप माया हाय वं."

"पाइप तुमचा असन, खड्डा सर्व्यायचा हाय."

सर्व्या हासल्या. केशरबाईही हासली. काय करन?

एका दिवशी ती अशीच लाइनीत असतानी जानराव बाजेवरून खाली पडला. हाक तं मारता येत नाई. ती घरात आली तं माणूस तसाच ओल्यात पडून. तिनं वच्छलेले बलावलं, दोघीनं त्याले वर घेतलं. केशरबाई रडली नाई. म्हणे, "वच्छले, आता मी रस्ता फोडतो. होऊ दे केस. जेलात पाणी तं असन."

वच्छलेचं तोंड उतरलं. पण सौदा नाई सोडला तिनं. "फोडा काकू. पण खड्डा बुजल्यावर आमी कुठं भरावं?"

केशरबाई थकली होती. "भिंतीबाहीर तुमच्यासाठी एक तोटी काढतो. झालं?"

"मंग फोडाले सब्बल मी आणतो."

दिवसाढवळ्या गल्लीतल्या बायायनं रस्ता फोडला. फुलसिंग पळत आला. "कोणं फोडला हा?"

वच्छला म्हणे, "फुलसिंगभाऊ, खड्डा तं पयलेचाच हाय. आमी नीट करून राह्यलो."

एवढ्या बाया पाहून तो केस-बिस इसरला, गुमान मोठ्या लाइनीचा वाल बंद करून आला. हरीओम प्लंबरनं पाइप जोडला, बाहीर तोटी काढली, बायायनं वरून सिमेंट थोपलं.

आता मोरीत पाणी येते. येते म्हणजे, बाहीरची तोटी बंद असली तं! ती तोटी वापरतात सर्व्या, पण बिघडली का हाक केशरबाईले. काहून तं पाइप तिचा. जानरावच्या अंगाले साबण लावेल असते, मोरीत बकेट लावेल असते, आन् मधातच धार बारीक होते. मंग ती साबणाच्या हातानंच बाहीर जाते, तोटी आवळते, वापस येते. कोणाले काई म्हणत नाई. म्हणाची ताकतच नाई राह्यली तिच्यात.

मीच सांगतलं असतं वच्छलेले, पण माये गुडघे तिथवर नेत नाईत. हे वाचून तुमच्यातलं कोणी विहाराकडं गेलं तं तिले एवढं सांगजा: गुंड भरला का तोटी आवळत जाय माय, आत जानराव साबणातच पडून राह्यते.