मामंजी आणि खोडाळ्याचा उतार

आमच्या मामंजींनी हयातीत एकही सपाट वस्तू सपाट राहू दिली नाही. जव्हार संस्थानात ते रस्त्यांचे ओव्हरसियर होते. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात माझा पोळपाट दोन विटांवर तिरपा टेकवलेला सापडला आणि त्यावरून सागाची वीतभर चारचाकी गाडी घरंगळत होती. पाट, परात, देव्हाऱ्याची फळी, कशाचीही त्यांनी गय केली नाही. फळीवर कधी घोंगडी अंथरत, कधी गोणपाट, कधी भाताचं तूस पसरत, आणि गाडी जिथे थांबेल तिथे जमिनीवर खडूची रेघ ओढत. "सारवलेल्या फळीवरून थेट दारापर्यंत, घोंगडीवरून निम्म्यातच," असं पुटपुटत ते पानावर बसत आणि भात कालवायचा विसरत. सासूबाई मला म्हणाल्या, "पोळ्या लाटायच्या असतील तेव्हा आधी पोळपाट मागून घेत जा."

तोवर हा सगळा छंदच होता. मग एका सकाळी पोशेऱ्याचा गाडीवान सोमा अंगणात येऊन उभा राहिला. खोडाळ्याच्या वाटेवरचा उतार मामंजींनी स्वतः आखलेला, नाकासमोर सरळ, रूळ फिरवून घोटून काढलेला, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. सोमा सगळ्यांनाच अरेतुरे करी. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुझा रस्ता बेस हाय. पन लय गुळगुळीत. भाताची गाडी बैलांना नाय आवरली. एकाचा पाय मोडला." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मामंजींना जास्त लागलं असावं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ओसरीवर बोलावलं. "सूनबाई, आकडे तुम्ही मोजा. माझी नजर माझ्याच बाजूने बघते." फळीखाली तीन विटा होत्या. गाडी सुटली आणि मी तीन म्हणेपर्यंत उंबऱ्यावर आपटली. मग फळीवर मुरूम पसरला. गाडी जरा अडखळली, पण आपटली ती आपटलीच. एक वीट काढली आणि मुरूमही काढला, तरी ती उंबरा गाठायचीच. शेवटी दोनच विटा आणि वर मुरूम. मी नऊपर्यंत मोजलं, गाडी फळीच्या पायथ्याशी आपली आपण थांबली. मामंजींनी त्या जागी खडूची रेघ ओढली. उतार कमी करायचा तर रस्ता वळण घालून लांबवायला हवा, म्हणजे स्वतःचाच रस्ता मोडायला हवा, हे त्यांना कळून चुकलं होतं.

वरच्या साहेबांना त्यांनी ओसरीवरच बोलावलं. साहेब म्हणाले, "ओव्हरसियर, खेळण्यावरून रस्ते आखता?" मामंजींनी गाडीवर पाण्याने भरलेलं फुलपात्र ठेवलं आणि ती तीन विटांवरच्या गुळगुळीत फळीवरून सोडली. सगळं पाणी साहेबांच्या बुटांवर. मी दाराआड पदर तोंडाशी धरला. मग दोन विटांवरची, मुरमाची फळी. पाणी नुसतं हिंदकळलं. मामंजी म्हणाले, "आखणी माझी होती, साहेब. चूकही माझीच." साहेबांनी बूट पुसले आणि म्हणाले, "काढा वळण."

पुढच्या हंगामात सोमा नवी जोडी जुंपून त्या वळणावरून उतरला. मामंजी चाकावर हात ठेवून, धोतर सावरत बरोबर चालत होते. अर्ध्यात सोमा म्हणाला, "साहेब, हात काढ. बैल आवरतेत." त्यांनी ओशाळून हात मागे घेतला.

पाच वर्षांनी यांना नाशिकला नोकरी लागली आणि आम्ही त्याच वाटेने जव्हार सोडलं. मामंजी उतारापर्यंत पोचवायला आले होते. गाडीवानाला "सावकाश" म्हणाले. वळण लांब होतं, गाडी हळू चालली होती. त्यामुळे वर काठी टेकून उभे असलेले मामंजी मला खूप वेळ दिसत राहिले. सरळ रस्त्याने ते इतका वेळ दिसले नसते.