पाण्याच्या माठावरची अकरा भाषणं

मी आयुष्यात एकच सरकारी गुन्हा केला, पण तो सलग दोन वर्षं केला, दर गुरुवारी, टाइपरायटरवर. आता पन्नाशी उलटली, त्या बराकीचे पत्रेसुद्धा कुणी भंगारात नेले असतील, तेव्हा सांगायला हरकत नाही.

गोष्ट शारजातली. साठीचं दशक होतं आणि आज आपण ज्याला अमिराती म्हणतो तो देश अजून जन्माला यायचा होता. धावपट्टीच्या बाजूला इंग्रजांची छावणी, छावणीच्या टोकाला पत्र्याची एक लांबट बराक आणि त्या बराकीत रेडिओ स्टेशन. दिवसभर अरबी कार्यक्रम चालत. दुपारी चार ते साडेचार मात्र आमच्यासारख्या समुद्रापलीकडून आलेल्यांसाठी हिंदुस्थानी. मी तिथे ऑपरेटर होतो, टायपिस्ट होतो आणि श्रोत्यांची पत्रं माइकवर वाचून दाखवणाराही होतो. वय चोवीस, रत्नागिरीहून टायपिंग शिकून आलेला, लग्न नुकतंच झालेलं, बायको गावी.

आणि गुरुवारी बोलायचे ते मामू. माझ्या आईच्या माहेरचे, लांबच्या नात्यातले. खाडीवर एका दुकानात दोर आणि शिडाचं कापड विकायचे. अंगाने किरकोळ, दाढी मेंदीने रंगवलेली, डोक्यावर टोपी. पण आवाज! असा आवाज त्या देहात मावतो कुठे, हे मला आजही कळलेलं नाही. ते माइकच्या हातभर मागे बसत, तरी माझ्या समोरच्या मीटरचा काटा लाल खुणेवर जाऊन थरथरायचा.

ते रेडिओवर आले कसे, तर अँटेनाच्या खांबाला दोर पोचवायला आले होते! त्या दिवशी आमचा बातम्या वाचणारा तापाने फणफणला होता. मुंबईची स्टीमर कधी लागणार हे सांगणं भाग होतं, आणि मशीन सोडून मला उठता येत नव्हतं. मी मामूंच्या हातात कागद दिला आणि म्हटलं, "चार ओळी आहेत, तेवढ्या वाचा." मामूंनी चार ओळी वाचल्या. मग कागद बाजूला ठेवला आणि ते पुढे बोलू लागले. स्टीमरमधून उतरणाऱ्या पोरांनी कॉलरची बटणं लावावीत, वडीलधाऱ्यांसमोर सिगारेट लपवावी, आणि परक्या मुलखात पहिलं पाऊल टाकताना आपल्या गावाचं नाव मनात घ्यावं. असं अकरा मिनिटं. माझा हात बंद करायच्या बटणावर होता आणि तो तिथेच राहिला. शनिवारी स्टीमर लागली तेव्हा काय बघतो! उतरवून घ्यायला गेलेले गाववाले गळ्यात पडायच्या आधी पोरांच्या कॉलरची बटणं लावत होते.

मग काय, गुरुवारची पंधरा मिनिटं मामूंची झाली. लोक पत्रं पाठवायचे, मी ती वाचायचो आणि मामू त्यांच्यावर तुटून पडायचे. त्यांना नवीन काहीच पसंत नव्हतं. टेरिलिनचा शर्ट नको, कारण त्यात घाम मरत नाही आणि माणूस आळशी होतो. चमच्याने भात नको. छावणीत साहेबांनी थंड हवेचं यंत्र बसवलं, तर मामू म्हणाले, "जो माणूस हवा विकत घेतो, तो उद्या सावली विकेल." चहाच्या टपऱ्यांवर लोक हसायचे, चिडायचे, शिव्या द्यायचे, पण गुरुवारी चारला टपरीवर कपबशीचा आवाज होत नसे. डोंगरापलीकडच्या किनाऱ्यावरून, खोर फक्कानहून आलेल्या एका नाखव्याने मला सांगितलं होतं की तिकडे रेडिओ एकच होता आणि त्याच्याभोवती, एक अक्षर न समजणारे कोळीसुद्धा नुसता आवाज ऐकायला बसत.

भानगडीही झाल्या. नव्या पद्धतीचे केस कापणाऱ्या न्हाव्यांना मामू एकदा असं काही बोलले की शारजातल्या सगळ्या न्हाव्यांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. महिनाभर मामू स्वतःच आरशात बघून केस कापत होते आणि मागची बाजू मांजराने कुरतडल्यासारखी दिसत होती. शेवटी ते रेडिओवर म्हणाले, "केस कापून घेणाऱ्याचं चुकलं. कापणाऱ्याचं नाही. मी माफी मागतो." पुढच्या गुरुवारी मान साफ.

आता माझा गुन्हा. स्टेशनचा साहेब उंच, सभ्य, तोंडात पाइप, गुडघ्यापर्यंत मोजे. हिंदुस्थानी त्याला येत नव्हती. आधी लिहून आणा, असं त्याने मामूंना सांगून पाहिलं. मामू म्हणाले, "लिहिलं की शिळं झालं." मग साहेबाने तोड काढली. कार्यक्रम झाल्यावर तासाभरात मी इंग्रजीत गोषवारा टाइप करून फाइलला लावायचा. पहिल्याच गुरुवारी मामू थंड हवेच्या यंत्रावर बोलले, आणि ते यंत्र साहेबाच्याच खोलीत घरघरत होतं. मी टाइपरायटरसमोर बसलो, घाम पुसला आणि लिहिलं: वक्त्यांनी पिण्याच्या पाण्याचा माठ स्वच्छ कसा ठेवावा, हे सांगितलं.

एकदा सोपं गेलं की पुन्हा सोपंच जातं. घरमाशांपासून होणारे आजार. बूट झटकून घालण्याची सवय. दात. पुन्हा माठ. मी अगदी रंगून जाऊन लिहायचो. एका गोषवाऱ्यात तर श्रोत्यांनी माठाबद्दल कृतज्ञता व्यक्त केली, असंही ठोकून दिलं. साहेब वाचायचा, सही करायचा आणि व्हरांड्यात मामू दिसले की आदराने मान हलवायचा. मामू छाती काढून मला म्हणायचे, "बघितलंस? विचार करतोय तो. दर हप्त्याला वाचतो, आणि आतून हलतो." मी म्हणायचो, "हो मामू."

मग तो गुरुवार आला. दोन-तीन जणांनी गावाहून बायका आणल्या होत्या, आणखी काही आणायच्या तयारीत होते. खरं सांगायचं तर त्यांत मीही होतो, पण मामूंना बोलायची छाती नव्हती. आणि पत्र नेमकं त्याच विषयावर आलं. मी वाचलं. मामूंनी डोळे मिटले आणि जे काही बोलले ते मी पुढे सांगतोच. आत्ता एवढंच की मशीन बंद करून मी थेट टाइपरायटरकडे पळालो. गोषवारा? माठ. अकरावा.

सोमवारी साहेबाने आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर इंग्रजीत टाइप केलेला अर्ज, खाली सहा सह्या. या माणसाने आमच्या घरच्या बायकांचा अपमान केला, याला रेडिओवरून काढा. अर्जाशेजारी माझी फाइल उघडी. साहेबाने पाइप दातात धरून पानं चाळली.

"मला एक समजावून सांगा," तो मला म्हणाला. "माठ धुण्यात या सहा जणांना नेमकं काय खटकलं?"

मामूंनी माझ्याकडे पाहिलं. "काय बोलतो रे ह्यो?"

"मामू," मी म्हटलं, "तो विचारतोय की तुम्ही गुरुवारी कशावर बोललात."

"त्याला माहीत नाय? तू लिहून देतोस ना?"

तेव्हा मी सगळं कबूल केलं. साहेबासमोर, आमच्या बोलीत, खाली मान घालून. दोन वर्षं, दर गुरुवार, माशा, बूट, दात आणि अकरा वेळा माठ. मला वाटलं होतं की मामू म्हणतील, पोरा, मला वाचवण्यासाठी केलंस. छे! त्यांचा चेहरा असा झाला की जणू भर बाजारात कुणी त्यांची टोपी उडवली.

"म्हणजे ह्या दोन वर्षांत," ते सावकाश म्हणाले, "ह्या माणसाला वाटतं की मी माठवाला हाय?"

"तुम्हाला काढलं असतं, मामू."

"काढलं असतं तर काढलं असतं! निदान माझ्या बोलण्यावरून काढलं असतं." ते उठले. "आता ऐक. गुरुवारचं सगळं मी परत बोलतो. तू इंग्लिशमध्ये सांग. एक शब्द इकडचा तिकडे केलास, तर तुझ्या आईला पत्र घालीन."

"तो तुमचा माइक काढून घेईल, मामू. मग कायमचं खलास."

"यल्ला, चल," मामू म्हणाले. "सांग त्याला."

मी साहेबाला सांगितलं की फाइल खोटी आहे, खोटेपणा माझा आहे, आणि यांना खरं बोलायचं आहे. साहेबाने पाइप काढून समोरच्या खुर्चीकडे खूण केली. मामू बसले नाहीत.

आणि त्या पत्र्याच्या खोलीत, त्या घरघरणाऱ्या यंत्राशेजारी, मामू बोलले. ज्याला बायकोशिवाय दोन वर्षं काढता येत नाहीत, त्याने समुद्र ओलांडू नये, गावी बसून बैल हाकावेत. इथे आणून तुम्ही तिला काय देणार? एक खोली, एक स्टोव्ह आणि बाहेरून कडी? तिथे ती शेत बघते. तुमच्या बापाला उठवते, बसवते. भांडण झालं की गावातले पुरुष निवाड्यासाठी तिच्या दारात येऊन बसतात, कारण तुमच्यापैकी कुणी तिथे नाही. आपली अख्खी खाडीपट्टी बायकांनी उचलून धरलीय आणि तुम्ही तो खांबच उपटून आणताय, कशासाठी, तर गरम भाकरीसाठी! लाज वाटू द्या. आज दोघी-तिघी येतील. उद्या गावात कुलपं राहतील आणि कुलपांना भेटायला तुम्ही सुट्टी घ्याल.

मी एकेक वाक्य इंग्रजीत करत होतो. सुरुवातीला घाबरत, मग जोरात, मग उभं राहून. मला त्यांचं पटत नव्हतं. माझी बायको मला हवीच होती आणि पुढच्या वर्षी मी तिला आणलीही. ती तिथे काही कडीआड बसली नाही. तिने तीन वर्षांत सगळ्या गल्लीला शिवण शिकवलं. पण त्या दिवशी पटणं न पटणं राहिलंच नाही. हा माणूस स्वतःचं सगळं जाणार हे माहीत असून आवाज रतीभर खाली आणत नव्हता. आपण आजवर काय टाइप करत होतो, हे मला तेव्हा प्रथमच कळलं.

मामू थांबले. साहेबाचा पाइप केव्हाच विझला होता.

"यातल्या एकाही वाक्याशी मी सहमत नाही," साहेब म्हणाला. "माझी बायको इथेच राहते. पण बोलतात मात्र विलक्षण. त्यांना सांगा, येत्या गुरुवारी दोन वाक्यांत दिलगिरी व्यक्त करावी. अर्ज मी मिटवतो. कार्यक्रम चालू राहील."

मी हे शब्दाला शब्द सांगितलं. आणि मग, सांगायला लाज वाटते, मी मामूंची बाही धरली. "दोनच वाक्यं, मामू. मी लिहून देतो."

"तुझ्या लिहिण्याने पोट भरलं माझं," मामू म्हणाले. मग साहेबाकडे वळले. "न्हाव्यांच्या वेळी मी चुकलो होतो, तेव्हा न मागता माफी मागितली. ह्या वेळी चुकलो नाय. चुकलो असं वाटलं त्या दिवशी येऊन मागीन, इन्शाल्ला. वाटल्याशिवाय मागितली, तर पुढच्या गुरुवारी माझं कोण ऐकेल?"

मी सांगितलं. साहेबाने उठून मामूंशी हात मिळवला आणि कार्यक्रम बंद केल्याच्या कागदावर सही केली. मला कडक शब्दांत ताकीद मिळाली. नोकरी राहिली, कारण दुसरा टायपिस्ट नव्हता.

बाहेर ऊन रणरणत होतं. आम्ही फाटकापर्यंत चालत गेलो. मला वाटलं, आता शिव्या पडणार. मामू थांबले, इकडे तिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "इंग्लिशमध्ये कसं वाटत होतं रे ऐकायला?"

"अर्धं वाटेत सांडलं, मामू," मी खरं ते सांगितलं. "मला तेवढं येत नाही."

"आणि अर्ध्यातच त्याचा पाइप विझला?"

"हो."

मामूंचा चेहरा असा उजळला की जणू त्यांना कुणी दुसरं रेडिओ स्टेशन बक्षीस दिलं. ते खुशीत खाडीकडे जाणाऱ्या एका मालट्रककडे गेले आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसले. ड्रायव्हर धिप्पाड पठाण होता, अंगात नवाकोरा टेरिलिनचा शर्ट. मी फाटकात उभा राहून ट्रक निघायची वाट बघत होतो. आतून मामूंचा आवाज येऊ लागला. पठाणाने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, हनुवटी स्टिअरिंगवर टेकवली आणि तो ऐकत बसला. पंधरा मिनिटं तो ट्रक काही हलला नाही.