लोक स्टेजवर चढले होते

माझं अक्षर किडमिडीत आहे आणि वेलांटी कुठं ऱ्हस्व, कुठं दीर्घ हे मला कधीच कळलं नाही. चौथीनंतर हातात आली ती कात्री आणि सुई. तेव्हा चुकलं असेल ते सुधारून वाचावं आणि मला माफ करावं. खरं तर वाचणार कोण? पण दुसऱ्याच्या दारात चपला काढून ठेवाव्यात, तशी आधी माफी मागितलेली बरी.

शॅम्पूकडे सांगण्यासारखं एकच होतं, त्याचे केस. वरवंडला आमच्या शेजारच्या खोलीत तो आणि त्याची आई भाड्यानं राहायचे. आई बाजारात भाजी विकायची आणि हा दुकानातून शॅम्पूच्या पुड्यांची अख्खी माळ आणायचा, ती पण गळ्यात अडकवून, हार घातल्यासारखी. रविवारी नळाखाली डोकं घालून बसला की बाकीच्यांच्या घागरी रिकाम्या राहायच्या. एवढं करून ते केस दिसायचे उलट्या धरलेल्या केरसुणीसारखे. सगळे त्याला शॅम्पूच म्हणायचे. खरं नाव रेशनकार्डावर असेल.

त्याचा बँड होता. नाव काय, तर राखरांगोळी. असं नाव माणूस पिठाच्या गिरणीलाही ठेवणार नाही. शॅम्पू गिटार वाजवून गायचा, कोरेगाव भीमाकडच्या कंपन्यांतली दोन पोरं होती आणि दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधला एक ड्रमवाला. ड्रमवाला चर्चमध्ये वाजवायचा, त्याला तेवढा ताल होता. गाणी सगळी आगीची. मी जळतो, मी पेटतो, माझी राख होते. आगीशी शॅम्पूचा संबंध आंघोळीच्या गरम पाण्यापुरता, आणि तेही आईनं तापवलेलं. पॅन्ट गुडघ्यावर फाटलेली. मी मोठ्या मुश्किलीनं तोंड उघडून म्हटलं होतं, रफू करून देते. तर म्हणाला की फाटकीचेच जास्त पैसे मोजलेत.

“काकू, हे गाणं ऐकायचं नसतं, अंगावर घ्यायचं असतं,” असं तो नेहमी सांगायचा. अंगावर मी साडी घेतली, सासूचं आजारपण घेतलं. गाणं अंगावर घेणारा हा पहिलाच पाहिला. लोकांना त्याचं गाणं आवडत नाही असं कोणी म्हटलं, की दुसरं वाक्य तयार असायचं. “लोकांना तयार करावं लागतं.” जणू लोक म्हणजे लोणचं.

मला कोणाला नाही म्हणता येत नाही. मी लाजून मान खाली घालते आणि समोरचा ती होकाराची धरतो. माझे पैसे असेच गेले. पिको-फॉलचे पैसे मी इंटरलॉकच्या मशीनसाठी साठवत होते, कारण ते मशीन नाही म्हणून बायका ड्रेस दुसरीकडं टाकायच्या. तेवढ्यात नदीपलीकडच्या एका गावच्या जत्रेत शॅम्पूच्या बँडला संध्याकाळचा कार्यक्रम मिळाला. कमिटी मांडव आणि जेवण देणार होती, बाकीची कमाई बक्षिसांतून. साउंडवाल्याला मात्र पैसे आधी हवे होते. शॅम्पू दारात उभा राहिला, मी मान खाली घातली, आणि माझं मशीन साउंडवाल्याकडे गेलं. म्हणाला, “बक्षिसं इतकी पडतील काकू, उद्याच परत.”

जत्रेतली बक्षिसाची रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. नोटेला नावाची चिठ्ठी टाचायची आणि ती स्टेजवर ठेवायची. गाणाऱ्यानं तिथल्या तिथं गाणं थांबवून वाचायचं, अमक्या गावचे अमुक यांच्याकडून एकशे एक. नाव वाचलं की माणूस बसल्या जागी जरा उंच होतो. ते पैसे गाण्याला नसतात, नावाला असतात.

आमच्या ह्यांच्या टेम्पोतून ड्रम गेले, म्हणून मीही गेले. माझे पैसे कसे परत येतात ते मला पाहायचं होतं. पुढं सतरंजीवर म्हातारी माणसं, एका बाजूला आम्ही बायका, आणि स्टेजच्या तोंडाशी शॅम्पूचे फॅन. फॅन म्हणजे कंपनीतली आठ-दहा पोरं, सगळ्यांच्या अंगात काळा टी-शर्ट, त्यावर कवटी. दोन धुण्यांत कवटीला तडे गेले होते. गाणं सुरू झालं तशी ती पोरं कमरेतून वाकून डोकी घुमवायला लागली. माझ्या शेजारच्या म्हातारीनं बराच वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, “ह्यांचं दैवत कुठलं गं?” मी म्हटलं, ठाऊक नाही. तिनं लांबूनच हात जोडले.

दुसऱ्या गाण्याला बक्षिसं पडायला लागली. रीत म्हणून पडली, गाणं आवडलं म्हणून नव्हे. पहिली नोट ठेवली आप्पांनी. आप्पा म्हणजे त्या गावातलं मोठं प्रस्थ, कडक पांढरे कपडे, टोपी. नोट ठेवून ते स्टेजखाली उभे राहिले, नाव ऐकण्यासाठी चेहरा नीट करून. त्यांच्यामागून चार-पाच जणांनी ठेवल्या. शॅम्पू डोळे मिटून गात होता. ड्रमवाल्यानं काठीनं खूण केली, तरी हा थांबेना. गाणं संपेना, आणि शॅम्पूचा बूट नेमका आप्पांच्या चिठ्ठीवर.

आप्पांनी पुष्कळ वाट पाहिली. मग ते शांतपणे पायऱ्या चढून वर गेले, वाकले, आणि बुटाखालून आपली नोट ओढून घेतली. ते पाहून बाकीचेही आपापली नोट न्यायला वर चढले. फॅनना वाटलं, माणसं गाण्यानं पेटली. ती पोरं आरोळ्या ठोकत त्यांच्यामागून वर घुसली, एकानं आप्पांना मिठी मारून दोनदा उडवलं, टोपी ड्रमवर जाऊन पडली. बाकीच्यांनी मोबाइल वर धरून सगळं टिपलं. इतका मूर्खपणा मी एका जागी पुन्हा पाहिलेला नाही. शॅम्पूची आई माझ्यापुढं बसली होती. तिला सगळं दिसत होतं. तिनं पदर तोंडाला लावला आणि शेवटपर्यंत काढला नाही.

गाणं संपलं तेव्हा स्टेज माणसांनी भरलेलं होतं आणि नोट एकही नव्हती. परतताना भीमेच्या पुलावर शॅम्पू टेम्पोच्या मागच्या भागातून ओरडून म्हणाला, “काकू, पायलं का? लोक स्टेजवर चढले.” पुढं वर्षभर तो हेच सांगत फिरला, दुकानात, एसटी स्टँडवर, मोबाइलमधलं दाखवून. त्यात आप्पा खरंच नाचल्यासारखे दिसायचे. पाहणारे हसायचे, आणि हा गधडा त्यांच्याबरोबर हसायचा.

पुढं बँड मोडला. ड्रमवाला चर्चमध्ये परत गेला. आईच्या पायाचं दुखणं वाढलं, तेव्हा शॅम्पूनं कोरेगाव भीमाकडं कंपनीत नोकरी धरली आणि तिकडंच खोली घेऊन तिला नेलं. मशीनजवळ लांब केस चालत नाहीत म्हणून पहिल्याच दिवशी कापले. पगार झाला की माझे थोडे थोडे पैसे द्यायला यायचा. केस गेल्यावर त्याचे कान केवढे मोठे आहेत ते कळलं. चहा घ्यायचा, लोकांना तयार करावं लागतं म्हणायचा, आणि जायचा.

एकदा बशीत चहा ओततानाच म्हणाला, “नोटा घ्यायला चढले व्हते ते. मिटल्या डोळ्यांच्या फटीतनं मला दिसत व्हतं काकू. आप्पांनी नोट वढली तवा मीच पाय उचलला जरासा.”

मी त्याच्याशी एवढं सलग कधी बोलले नव्हते. म्हटलं, “मग थांबला का नाहीस? नाव वाचायला कितीसा वेळ लागतो? बक्षिसं राहिली असती, माझे पैसे तेव्हाच आले असते.”

“ते खरं हाय,” तो म्हणाला. “पण गाणं मधी थांबवायचं नसतं.”

एवढा माज. खिशात बसभाड्यापुरते पैसे आणि म्हणे थांबवायचं नसतं. तो गेल्यावर मी रागानं मशीनवर बसले, तर दारातून कोणीतरी हाक मारली आणि मी सवयीनं उठले. परत येऊन पाहिलं तर जिथं उठले होते तिथं शिवण वाकडी. मी जुने ब्लाऊज काढून पाहिले. प्रत्येकात कुठं ना कुठं ती वाकडी जागा होती. सासूनं बोलावलं, ह्यांना पाणी हवं होतं, गिऱ्हाईक आलं. सगळ्यांसाठी मी मध्येच उठले होते.

शेवटचे पैसे घेऊन तो आला तेव्हा मी बाही लावत होते. तो नोटा पुढं करून दारात उभा राहिला. मी मान वर केली, त्याला पाहिलं, आणि पायडल तसंच चालू ठेवलं. आप्पा स्टेजखाली उभे होते तसाच तो उभा राहिला. एकदा हसला, तेव्हा त्याचे कान हलले. बाही पुरी झाली, मी दोरा तोडला, आणि मग हात पुढं करून पैसे घेतले. सगळे फिटले.