काले म्हणजे कधी?

दोंडाईच्याच्या फलाटावर आईने भटूचा हात माझ्या हातात दिला तो असा, की मी नवरदेव आणि तो नवरी. "नाना, धाकलाले संभाळजो," एवढंच म्हणाली. भटू माझ्यापेक्षा वीतभर उंच. गाडी हलली तेव्हा सामानासकट मलाच त्याने वर ओढून घेतलं. सुरतेत कोण कोणाला सांभाळणार, हे सगळ्या डब्याला कळलं. आई तेवढी हात हलवत राहिली.

गावाकडच्यांनो, आणि आमच्यामागून सुरतेच्या डिंडोलीत येऊन राहिलेल्यांनो, नाना 'कॉम्प्युटरवर' आहे हे तुम्ही अभिमानाने सांगता. बी.कॉम. दुसऱ्या दमात, वर सहा महिन्यांचा कोर्स. तेवढ्यावर सुरतेजवळच्या सचिन गावातल्या, कापड रंगवायच्या एका डाइंग मिलमध्ये शेठने मला काचेच्या केबिनमध्ये बसवलं. तिथे एसी आहे; माझ्यासाठी नव्हे, मशीनसाठी. भटू त्याच मिलमध्ये बॉयलरवर. पत्रात मी थंडी लिहायचो, तो उकाडा. आई शेजाऱ्यांना विचारायची, ही दोघं एकाच गावात आहेत ना?

माझं काम सोपं. बॉयलरचे मिस्त्री जयंतीभाई गुजरातीत चिठ्ठ्या लिहितात, कोणता भाग कधी साफ केला, कधी बदलला. मी ते कॉम्प्युटरात भरतो. राहिलेली कामं सोमवारच्या यादीत येतात, झालेली गळतात. शेठचा हुकूम असा, की यादीत असेल तेवढंच करायचं. पूर्वी जयंतीभाई बॉयलर कानाने ऐकायचे. आता यादी बघतात.

या दिवाळीआधी गल्लीत माझा भाव फारच वाढला होता. दोन हजार साल लागलं की कॉम्प्युटर वेडे होणार, विमानं पडणार, खरं का हो नाना? मी कपाळाला आठ्या घालून "बघू" म्हणायचो. त्यातच पेपरात आलं, की मंगळाकडे पाठवलेलं यान पोचता पोचता गेलं. एका गटाने हिशेब एका मापात केला, दुसऱ्याने तो दुसऱ्या मापातला समजून घेतला.

दुपारच्या सुट्टीत डबा खाताना मी भटूला ती बातमी वाचून दाखवली. "एवढी शिकलेली माणसं, आणि वाराला मीटर समजली!"

"मंग कोणी इचारं नही का?" भटू म्हणाला आणि हात धुऊन बॉयलरकडे गेला. माल निकडीचा होता, म्हणून त्या दिवशी सुट्टीतही भट्टी मंद केली नव्हती.

मशीनं थांबली की वाफ खपत नाही, दाब चढतो. मग सेफ्टी व्हॉल्व्ह फुस्सकन उघडून जादा वाफ सोडतो. आमचं जेवण नेहमी त्या फुसफुशीतच व्हायचं. काही दिवसांपासून तो आवाज येत नव्हता. आम्ही म्हणायचो, बरं झालं, चार घास शांतपणे खाता येतात.

तेवढ्यात जयंतीभाई आले. बरेच दिवस गावी होते, त्याच दिवशी परतलेले. चहा ओतता ओतता म्हणाले, "नानाभाई, पेलो सेफ्टी व्हाल्व साफ थई गयो ने?"

"तुम्हीच केलात ना? चिठ्ठीत 'काले' लिहिलं होतं."

"अरे, आवती काले! पण मारे तो सवारे ज गाम जवुं पड्युं."

गुजरातीत 'काले' म्हणजे कालही आणि उद्याही. त्यांचा होता उद्या, आणि त्या उद्याच्या सकाळीच त्यांना गावी जावं लागलं होतं. सुरतेत आठ वर्षं काढलेल्या माणसाला हे ठाऊक नसावं? ठाऊक होतं. रोज भंगारवाल्याला 'काले आवजे', उद्या ये, म्हणून मीच पिटाळतो. पण त्या दिवशी डोळे गुजराती वाचत होते आणि बोटं मराठी होती. कॉम्प्युटरने तारीख मागितली, मी आदल्या दिवसाची दिली. त्याने मुकाट घेतली आणि व्हॉल्व्ह यादीतून गाळला. बिघडायला त्याला दोन हजार सालाची गरज पडली नाही, मी होतो.

मी धावलो. माझं धावणं तुम्ही पाहिलेलं आहे. पोट पुढे, चप्पल मागे. भटू बॉयलरसमोर दाबाच्या घड्याळावर नखाने टकटक करत होता. "नाना, काटा अडकना वाटस." काटा तांबड्या रेघेच्या पुढे होता. माझ्यामागोमाग आलेल्या जयंतीभाईंनी व्हॉल्व्हची दांडी ओढली. हलली नाही. त्यांचा चेहरा पाहून मला कळलं, की काटा अडकलेला नाही.

"भट्टी खेंच!" जयंतीभाई ओरडले.

भटू वाकून पेटता कोळसा बाहेर ओढू लागला. मला काहीच येत नव्हतं. मी मागून त्याचं बनियन धरून उभा राहिलो. "सोड, नाना!" तो ओरडला. मी सोडलं नाही. काटा किती वेळ तिथेच थरथरत होता, मला सांगता येणार नाही. मग उतरला.

बॉयलर निवल्यावर व्हॉल्व्ह उघडला. आतली वाट पांढऱ्या क्षाराने बुजली होती. मी भटूला सांगितलं, की ती तारीख मी टाकली. तो तांब्याभर पाणी प्यायला. "मायले नको सांगजो," म्हणाला. तेव्हा हे आईला वाचून दाखवू नका. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बॉयलरवर गेला.

शेठला सांगितलं, तर म्हणाले, "कंई थयुं तो नथी ने?" काही झालं नाही ना, मग विषय संपला.

मी जुन्या चिठ्ठ्या काढल्या. ठिकठिकाणी 'काले'. जयंतीभाईंनी चष्मा लावून एकेक पाहिली. काही त्यांना आठवल्या. बाकीच्या बाजूला ठेवून म्हणाले, "हवे केम खबर पडे?" आता कसं कळणार? त्यांतले काही भाग उघडून पाहिले. काही मशीनं बंद करायला परवानगी नाही. ती चालू आहेत. सोमवारची यादी मात्र स्वच्छ येते. मला तिचीच भीती वाटते.

घरी कधी येता, असं तुम्ही प्रत्येक पत्रात विचारता. मी सहाला सुटतो, भटू आठला. मधले दोन तास मी गेटसमोरच्या टपरीवर बसतो. बायको कुरकुरते. भटू चिडतो, "लोके हासतस, नाना." हसू देत. आठला तो गेटातून बाहेर येतो, माझ्या पाठीवर थाप मारतो, आणि तिथून माझं घर सुरू होतं. तोवर मी परगावीच असतो.